गाडीच्या मागं उभं राहणारं माणूस

‘दाबा,’ ती म्हणाली. मी ब्रेक दाबला.

‘डावा लागला. उजवा न्हाई. परत दाबा.’

मी सोडला, परत दाबला. मग दिव्याच्या काचेवर बोटानं टकटक केल्याचं ऐकू आलं. मग परत तेच. ‘उजवा न्हाई लागत.’

‘बल्ब गेला असंल. उद्या घोडेगावच्या बाजाराला जायचंच हाय, निघायच्या आधी टाकू,’ मी म्हणालो.

मी चावी काढली आणि ओट्यावर येऊन बसलो, कारण चहा निवत होता. ती मागंच राहिली. दिव्याची काच पदरानं पुसत होती, जसा काही पुसून तो लागणार होता. आमचं दोघांचं मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. लोकांचं शेवटचं काम सांगण्यासारखं असतं, देवाला जाऊन आलेले असतात, नाहीतर नातवंडांत बसून जेवलेले असतात. आमचं ब्रेकचा दिवा बघणं. मला त्याची लाज नाही.

आता परत ऊसतोडीचा सीझन लागला आहे. दसरा झाला की आमच्या पाथर्डीकडची गावं अर्धी रिकामी होतात. ट्रॉलीत कोयते, चूल, भांडी, शेळ्या, पोरं, कुत्रं, सगळं चढतं आणि घरांना कुलपं लागतात. मागं आम्ही म्हातारे राहतो, कुलपांवर नजर ठेवायला. दिवाळी सरली की कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या गाड्या लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर घराएवढा ऊस. सांडलेली कांडी टायरखाली चिरडतात, त्यावर धूळ बसते, आणि सकाळच्या गारठ्यात सगळ्या रस्त्याला गोड-आंबूस वास सुटतो. पूर्वी तो वास आला की मला भूक लागायची. गेल्या वर्षापासून लागत नाही.

संतोष, माझा मुलगा, पुण्याला असतो. या दिवाळीला आला, फराळ झाला, आणि जायच्या दिवशी त्यानं माझ्यापुढं हात केला. म्हणाला, ‘दादा, जीपची चावी द्या.’

गिऱ्हाईक त्यानं आधीच बघून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं, तुमचं वय बहात्तर, गाडी जुनी, आता आई पण नाही, एकटे कुठं अडकलात तर कोण बघणार. पोरगं वाईट नाही. रोज संध्याकाळी न चुकता फोन करतं. पण मी त्याला चावी दिली नाही. गेल्या साली तेराव्याच्या दिवशी मागितली तेव्हाही दिली नव्हती. का दिली नाही हे मला तोंडानं सांगता येत नाही, सांगायला गेलो की आवाज चढतो आणि भांडण होतं. म्हणून लिहितो. मी पाचवी शिकलेला माणूस आहे, शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील तर काढा. गाडीच्या चुका मात्र माझ्यापुढं काढू नका, त्या मी तुमच्या काढीन.

कौसा माझी बायको. तिचं माहेर ऊसतोड्यांचं. ती दहा वर्षांची असताना आईबापाबरोबर बैलगाडीवर कारखान्याला जायची. सात वर्षांचा भाऊ होता, भानू. तेव्हा गाडीच्या मागं कंदील टांगायची पद्धत होती, मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून. ऊस तोडला की त्याचे हिरवे शेंडे राहतात, त्याला वाढे म्हणतात, बैलांची वैरण तीच. एका दिवेलागणीला बापानं कौसाला सांगितलं, वाढ्याची पेंढी मागं बांध. तिनं बांधली. पोरीच्या हातानं बांधलेली पेंढी, जराशी खाली ओघळली आणि कंदिलावर आली. कंदील आत जळत होता. तेल होतं, वात होती, सगळं होतं. बाहेर दिसत नव्हता एवढंच. मागून ट्रक आला. भानू मागच्या बाजूला वाढ्यावरच बसलेला होता.

माणसं जमली. ऊसतोड्यांच्या तळावरच्या म्हाताऱ्या बायांनी तिच्या आईला सांगितलं, नशीब बाई, पोराचं तेवढंच होतं. आईला ते बरं वाटलं. बापालाही बरं वाटलं, कारण गाडी तोच हाकत होता. कौसाला नाही वाटलं. हे तिनं मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता.

‘नशीब न्हवतं,’ ती म्हणाली. ‘वाढं हुतं. आन् पेंढी म्या बांधली हुती.’

आणि तिनं भाकरी उलटली.

मी तिला बघायला गेलो तेव्हा एका बागायतदाराच्या जीपवर ड्रायव्हर होतो. पोहे झाले. तिच्या मामानं गमतीनं विचारलं, पोरी, तुला काही विचारायचं का. त्या काळी पोरगी मान हलवून नाही म्हणायची. हिनं तोंड वर केलं आणि विचारलं, ‘गाडीला मागं दिवा हाय का?’

माझे चुलते इतके हसले की चहा नाकात गेला. म्हणाले, पोरगी आमच्या पोराला नाही, जीपला बघायला बसली. मी म्हणालो, हाय. खोटं बोललो. डावा दिवा फुटलेला होता. लग्नाच्या आधी मालकाच्या मागं लागून तो बसवून घेतला. लग्नातलं माझं पहिलं खरं काम तेच.

पुढं मी स्वतःची जीप घेतली, काळी-पिवळी. पाथर्डी ते नगर, नगर ते पाथर्डी. आता पाटीवर अहिल्यानगर लिहितात, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं. सकाळी साडेपाचला मी सीटवर बसायचो आणि ती मागं जायची. डावा दाखवा. उजवा दाखवा. दाबा. सोडा. रिव्हर्स टाका. रिव्हर्सचा दिवा सोडला तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, नुसती चावी फिरवलेली. आणि तिनं बरोबर मागं उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, हा माझा नियम होता. गोठ्याच्या भिंतीशी तिची एक ठरलेली जागा झाली. वर्षानुवर्षं टेकून टेकून तिथला चुना गेला, पाठीएवढा.

स्टँडवरच्या ड्रायव्हरांना हे कुठून कळलं कोण जाणे. त्यांनी माझं नाव पाडलं, दाबासोडा. ‘काय दाबासोडा, आज वैनीनं सोडलं का?’ सगळं स्टँड हसायचं. दुसरं हसू म्हणजे मी मागच्या शिडीवर माणसं लटकू द्यायचो नाही. काळ्या-पिवळ्या जीपला आत किती आणि बाहेर किती याचा हिशोब देवालाही नव्हता, आणि पाय टेकायला शिडी असताना मी माणसं सोडून यायचो. कारण कौसाचं सांगणं होतं, शिडीवर माणूस लटकला की त्याचं धोतर दिव्यावर येतं. तिला माणूस पडायची भीती वेगळी, दिवा झाकायची वेगळी. दुसरी मोठी.

आता एक कबूल करतो. ब्रेकचा दिवा बघायला माणूस लागत नाही. पायडलवर वीट ठेवायची आणि मागं जाऊन आपणच बघायचं. नाहीतर गाडी भिंतीकडं पाठ करून लावायची, अंधुक उजेडात ब्रेक दाबला की भिंतीवर तांबडं पडतं, आरशात दिसतं. संतोष सांगतो मोबाईल मागं ठेवून शूटिंग करायचं. हे सगळं खरं आहे. विटेचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कौसालाही माहीत होतं, ती अडाणी असली तरी बिनडोक नव्हती. ते तिनं कधी काढलं नाही. मीही कधी काढलं नाही. दिवसभर मी रस्त्यावर, ती रानात. घरात तिची सासू, दीर, पोरं. सकाळची ती पाच मिनिटं, ती मागं आणि मी पुढं, मध्ये गाडी, आणि तरी आम्ही दोघंच.

दसऱ्याला गाडीची पूजा असते. आमच्याकडं आपट्याची पानं, झेंडूच्या माळा, नारळ, चाकाखाली लिंबू. गावातल्या गाड्या त्या दिवशी नवरदेवासारख्या दिसतात. बॉनेटवर माळ, जाळीवर माळ, दिव्यावर हळदीकुंकवाची बोटं, मागच्या काचेवर आशीर्वाद. एकानं जाळीवर एवढी जाड माळ बांधली की रेडिएटरला वारा मिळेना, आणि करंजी घाट चढताना इंजिन उकळलं. तो खाली उतरून म्हणतो, कुणाची तरी नजर लागली. मी म्हणालो, नजर नाही, झेंडू लागला. आणि त्यानं गरम रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला तेव्हा मी त्याचा हात धरला. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. थांबा, बिडी ओढा, शिव्या द्या, काय वाटेल ते करा, पण ते थंड होऊ द्या. तोंड भाजलेली माणसं मी बघितली आहेत.

कौसा पूजा करायची, मनापासून करायची. पण आधी चारी दिवे पुसायची आणि कुंकू काचेला लावू द्यायची नाही. म्हणायची, देवाला कुंकू, दिव्याला फडकं. मग माझ्याकडून टायर बघून घ्यायची. काडीपेटीतली काडी गुल खाली करून टायरच्या खाचेत धरायची. गुल खाचेत बुडलं तर ठीक, वर राहिलं तर टायर बदलायच्या तयारीला लागा. लिंबू चाकाखाली ठेवून भागत नाही, लिंबानं चाकावर नक्षी उगवत नाही. हवा सकाळी बघा, टायर थंड असताना. स्टेपनीतही बघा. स्टेपनी ही घरातल्या म्हाताऱ्यासारखी असते, कोपऱ्यात पडून असते, कोणी विचारत नाही, आणि गरज पडली की तिच्यातच हवा नसते. ऑईलची पट्टी सपाट जागेवर बघा, आधी पुसून मग बुडवून. ब्रेक ऑईल कमी झालं तर वरून ओतून मोकळे होऊ नका, कुठं गेलं ते शोधा, ते वाफ होऊन उडत नाही. आणि ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवणाऱ्याला मी गाडीतून उतरवतो. ती घरंगळत पायडलखाली जाते, आणि मग ब्रेक दाबला तरी दबत नाही.

घाटाचं सांगितलं नाही तर माझं पोट दुखेल. आमच्या काळात ड्रायव्हर घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायचे. काही बहाद्दर तर चावीच बंद करायचे. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतो, जळका वास येतो आणि पाय तळापर्यंत जातो. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. हे मला कोणत्या शाळेनं शिकवलं नाही. घाटातल्या कठड्यांनी शिकवलं, जिथं जिथं ते तुटलेले आहेत तिथं तिथं. आणि त्या प्रत्येक तुटक्या कठड्यापाशी उभं राहून कोणीतरी म्हणालेलं असतं, नशीब.

मला या शब्दाचा राग आहे. कौसानं लावलेला राग आहे तो. टायरचं कापड दिसत असतं, तरी नशीब. मागचा दिवा चिखलानं बंद, तरी नशीब. बेल्ट लावलेला नसतो, पाठीमागं अडकवून ठेवलेला असतो, पोलीस दिसला की खांद्यावर घ्यायला, तरी नशीब. माणसं नशिबाला एवढं काम सांगतात की त्याला जेवायलाही वेळ मिळत नसेल.

असा मी सगळ्यांना सांगणारा. आता माझं ऐका.

इंजिनचा बेल्ट सैल झाला की कुईकुई करतो. बेअरिंग जायला लागलं की घरघर करतं. ब्रेकचं अस्तर संपलं की लोखंडावर लोखंड घासतं, आणि तो आवाज दातात जातो. स्टँडवर डोळे मिटून बसलो असलो तरी येणारी जीप कुणाची आणि तिचं काय दुखतंय ते मी सांगायचो. पैज लावायचे लोक. हरायचे. आणि गेल्या वर्षी दसऱ्यापासून माझ्याच घरात, माझ्याच शेजारी, माणसाचा आवाज बदललेला होता. नळावरून हंडा आणताना ती गोठ्यापाशी थांबायला लागली. पूर्वी थांबायची नाही. ओटा चढली की दोन श्वास जास्त घ्यायची. मी ते ऐकलं होतं. नाही ऐकलं असं म्हणणार नाही, कान माझे शाबूत आहेत. तिनं एकदा सांगितलंही, दम लागतो. मी म्हणालो, बाजार होऊ दे, शेळी विकून येऊ, मग दाखवू पाथर्डीला. तीही बरं म्हणाली. आमच्या घरात डॉक्टरकडं जाणं म्हणजे सवड काढून करायचं काम. गाडीला आवाज आला असता तर मी त्याच दिवशी जॅक लावला असता.

त्या सकाळी बल्बलाही मी उद्या म्हणालो होतो. बल्ब घरातच होता. कौसा जास्तीचे बल्ब कापसात गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची, सुया-दोऱ्यांबरोबर. डबा फडताळात. पाच मिनिटांचं काम. चहा निवेल म्हणून मी उद्यावर टाकलं.

नऊच्या सुमाराला ती मागच्या दारी पाट्यावर ठेचा वाटत होती. वरवंट्याचा आवाज थांबला. मी ओट्यावर होतो. थांबला तसा मी उठलो, एवढं तरी माझ्या कानांनी केलं. ती पाट्यापाशीच भिंतीला टेकून बसलेली, घामानं चोळी भिजलेली, थंडीच्या दिवसांत. हात छातीवर. म्हणाली, जड वाटतंय. गावातला दुसरा कोणी ड्रायव्हर शोधत बसलो नाही. उचलून पुढच्या सीटवर बसवली. आणि त्या बाईनं, ओठ पांढरे पडलेले असताना, हात लांब करून स्वतःचा बेल्ट ओढला आणि लावला. खट् आवाज होईपर्यंत.

नगरच्या रस्त्याला उसाच्या गाड्याच गाड्या. एकेका ट्रॉलीमागं दहा-दहा मिनिटं. हॉर्न देऊन उपयोग नाही, ट्रॅक्टरवर टेप एवढा मोठा की त्याला स्वतःचं इंजिन ऐकू येत नाही. घाटात एक ट्रॉली पुढं होती, मागं वाढ्याच्या पेंढ्या लोंबत होत्या, दिव्यावर आलेल्या. कौसाचे डोळे मिटलेले होते असं मला वाटलं होतं. पण तिनं बोट उचललं आणि त्या पेंढ्यांकडं दाखवलं. मी म्हणालो, दिसलं गं, दिसलं. मी पाय काढला, अंतर ठेवलं. मग ती म्हणाली,

‘आवं, हळू दाबा. आपला उजवा न्हाई लागत.’

नीट ऐकू आलेलं तिचं शेवटचं बोलणं हे. माझ्यासाठी नव्हतं ते, संतोषसाठी नव्हतं, देवासाठीही नव्हतं. आमच्या मागून जो कोणी येत होता, ज्याचं नावही तिला माहीत नव्हतं, त्याच्यासाठी होतं.

नगरला पोहोचलो तेव्हा डॉक्टर लोक पळत आले. त्यांनी करायचं ते सगळं केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एकानं बाहेर येऊन विचारलं, दम कधीपासून लागत होता? मी म्हणालो, दसऱ्यापासून. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. दुपारी बारा वाजायच्या आत ती गेली.

संतोष पुण्याहून तसाच आला. अॅम्ब्युलन्समध्ये तो तिच्याजवळ बसला. माझी जीप दुसरा कोणीतरी आणेल म्हणत होते. मी ऐकलं नाही. शहाणपणाचं नव्हतं, दुसऱ्या कोणाला मी तसं करू दिलं नसतं, पण मी चालवली. सगळा रस्ता अॅम्ब्युलन्सच्या मागं. तिचे दोन्ही दिवे लागत होते. वळणाला लागले, घाटात लागले, गावाच्या पाटीपाशी लागले. डावा आणि उजवा, दोन्ही. आणि मी माझा ब्रेक हळू दाबत होतो, सांगितल्यासारखा. सूर्य मावळायच्या आत तिला नेलं.

माणसं अंगणात बसली होती. नामदेव माझा चुलतभाऊ, मनानं चांगला. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘नशीब आप्पा. वैनीचं तेवढंच हुतं.’ सगळ्यांनी मान हलवली. कोणीतरी सुस्कारा सोडला. त्या वेळी तो शब्द घेतला असता तर बरं वाटलं असतं, हे मला कळत होतं. गार पाण्यासारखा पुढं धरलेला होता. तिच्या आईनं घेतला होता, बापानं घेतला होता.

‘नशीब न्हवतं,’ मी म्हणालो. ‘मी उद्या म्हणालो.’

 संतोषनं माझा हात दाबला, त्याला वाटलं दादांचं डोकं फिरलं. नामदेव म्हणाला, असं बोलू नये. पण बोललो ते बोललो, आणि वर्ष झालं तरी शब्द मागं घेतलेला नाही. माझं दुःख हलकं करायला कोणी येऊ नका. जड आहे ते मला माहीत आहे, आणि ते माझंच आहे, वाहीन मी. हलकं करायच्या नावाखाली तुम्ही त्यातली माझी चूक काढून घेता, आणि चूक काढून घेतली की पुढच्या माणसाला शिकायला काय उरतं? तुमच्या घरात कोणाला चढताना दम लागत असेल तर हा कागद इथंच खाली ठेवा आणि त्याला घेऊन जा. बाजार नंतर होतो.

या सीझनला मी फाट्यावर जाऊन बसतो, चहाच्या टपरीपाशी. उसाचे ट्रॅक्टर तिथं थांबतात. मी फडकं आणि रेडियमची पट्टी घेऊन त्यांच्या मागं जातो. चिखल पुसतो, पट्टी निघाली असेल तर लावतो, पेंढी दिव्यावर आली असेल तर वर खोचतो. ड्रायव्हर पोरं चेष्टा करतात. एक जण म्हणाला, ‘काय म्हातारबा, पोलिसात भरती झाला का?’ मी म्हणालो, ‘पोलीस पुढनं बघत्यात. मी मागनं बघतो.’ तो हसला. पण परवा दिसला तेव्हा त्यानं पेंढ्या आधीच वर बांधलेल्या होत्या. माझ्याकडं बघून नुसतं बोट वर केलं आणि गेला.

स्वतःलाही मी गाडीसारखाच बघतो. मोतीबिंदू काढून घेतला. दर रविवारी ओट्यावर बसून समोरच्या गल्लीतल्या ट्रॅक्टरचा नंबर वाचतो, चष्म्यानं, मोठ्यानं. दिवेलागणीनंतर गाडी काढत नाही. ज्या दिवशी तो नंबर वाचता येणार नाही त्या दिवशी चावी मी स्वतः पुण्याला नेऊन देईन, एसटीनं. त्याआधी नाही. हे संतोषला सांगितलं. तो म्हणाला, दादा, गाडी म्हणजे नुसतं लोखंड आहे हो. असेल. पण माझ्यासाठी ती काय आहे हे त्याला त्या दिवशीच समजलं असतं, तिच्या जाण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जर तो जागा असता.

त्या सकाळी घर भावकीनं भरलेलं होतं. चूल बंद. सुतकात गाडीला हात लावू नये म्हणतात. मी उठलो, फडताळातला डबा काढला, कापसातला एक बल्ब घेतला. स्क्रूड्रायव्हर घेऊन जीपच्या मागं बसलो. उजव्या दिव्याची काच काढली, जळका बल्ब काढला, नवा बसवला, काच लावली. पाच मिनिटं लागली. मग चावी फिरवली, आणि पुढं बसून बघितलं तर मागं कोणी नाही.

वीट शोधायला गेलो नाही. मागच्या दारी पाट्यावर वरवंटा तसाच होता, ठेचा वाळून चिकटलेला. तो आणला आणि ब्रेकच्या पायडलवर ठेवला. जड होता, पायडल बरोबर खाली गेलं. मग मी मागं गेलो आणि गोठ्याच्या भिंतीशी, जिथला चुना गेला आहे तिथं, उभा राहिलो.

डावा लागला होता. उजवा लागला होता.

‘लागले दोन्ही,’ मी पुढच्या रिकाम्या सीटकडं बघून म्हणालो. ‘सोडा.’

सोडायला कोणी नव्हतं. मग मीच पुढं गेलो, वरवंटा उचलला, होता तसा नेऊन पाट्यावर ठेवला, आणि चावी काढून खिशात घातली.